एंगुरीचं धरण आणि न सापडलेले दोन स्रोत

पहिला दिवस : त्बिलिसी

दादाला एंगुरीचं धरण बघायचं होतं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. २७१.५ मीटर उंचीची काँक्रीटची कमान त्याला निवृत्तीनंतरही गप्प बसू देईना. मला धरणाशी फारसं घेणं नव्हतं. मी किरणोपचार विभागात काम करते, आणि त्या नोकरीबरोबर आरएसओची, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची जबाबदारी येते. आमच्या प्रशिक्षणात जे मोजके अपघात प्रत्येकाला शिकवले जातात, त्यातला एक याच धरणाच्या वरच्या अंगाला, डिसेंबर २००१ मध्ये घडला. दोघांचीही कामं एकाच खोऱ्यात निघाली, म्हणून जॉर्जिया ठरलं.

विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे आणि लिलो नावाचा भागही त्याच बाजूला. आज लिलो म्हटलं की इथल्या लोकांना मोठा घाऊक बाजार आठवतो. मला आठवतं ते सीमा सैनिकांचं प्रशिक्षण केंद्र. सोव्हिएत लष्कराने ते सोडलं आणि १९९२ मध्ये ते नव्या जॉर्जियाच्या ताब्यात आलं. इमारती, मैदान, शेड सगळं मिळालं. मिळाली नाही ती आत काय काय ठेवलंय याची यादी. १९९७ मध्ये तिथल्या तरुण सैनिकांच्या अंगावर भरून न येणाऱ्या जखमा दिसू लागल्या. किरणोत्सर्गाची शंका यायला बराच वेळ गेला, कारण ती यावी असं तिथे कुणाला काही माहीतच नव्हतं. मग मोजमाप झालं आणि सिझियम-१३७ चे बारा स्रोत निघाले, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ भरलेले धातूचे छोटे तुकडे. किरणोत्सर्ग मोजायचं शिक्षण देण्यासाठी जुन्या लष्कराने ते आणले होते. एक तर थंडीच्या जाकिटाच्या खिशात होता. त्या जाकिटाचा मालक कधीच निघून गेलेला, आणि जाकीट ज्याच्या वाट्याला आलं त्याने ते साहजिकच घातलं. अकरा सैनिक भाजले. त्यांच्यावर फ्रान्स आणि जर्मनीत उपचार झाले.

"हस्तांतरणाची यादी नव्हती?" दादाने टॅक्सीत विचारलं. त्याच्या दृष्टीने यापुढची सगळी चर्चा गौण होती.

नव्हती. आणि यादी मागायला कायद्याने नेमलेलं कुणी नव्हतं. जॉर्जिया आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा, म्हणजे आयएईएचा, सदस्य झाला १९९६ मध्ये. किरणोत्सर्ग सुरक्षेचा कायदा आला १९९८ मध्ये. लिलो या दोन सालांच्या मधोमध घडलं.

दुसरा दिवस : त्बिलिसी

सकाळी ड्राय ब्रिजचा जुना बाजार. नदीजवळच्या फुटपाथवर चादरी अंथरून लोक सोव्हिएत काळ विकत बसलेले : पदकं, दुर्बिणी, कॅमेरे, लष्करी होकायंत्रं, विमानातली घड्याळं. मी खिशातला छोटा गायगर काउंटर सुरू केला. हवेत ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास, म्हणजे कुठेही असतं तितकंच. एका काळ्या तबकडीच्या घड्याळाजवळ नेला तशी टकटक वाढली. रेडियमचा रंग, काटे अंधारात दिसावेत म्हणून लावलेला. विकणाऱ्या आजोबांनी माझ्याकडे आणि यंत्राकडे पाहिलं, हसले, आणि यंत्राचीच किंमत विचारली.

असं एखादं घड्याळ भिंतीवर असलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. उघडून काटे खरवडले तर मात्र बिघडतं. लिलोला सिझियमबरोबर अशाच रेडियमच्या बंदुकीच्या माशाही निघाल्या होत्या, रात्री नेम धरण्यासाठीच्या. म्हणजे एकाच आवारात एक वस्तू अशी की जवळ ठेवली तरी फारसा फरक नाही, आणि दुसरी अशी की खिशात ठेवली तर मांडी जाळेल. नजरेला दोन्ही धातूचे तुकडे. आयएईएने स्रोतांचे पाच वर्ग केले ते यासाठीच. पहिल्या वर्गात किरणोपचाराची मोठी यंत्रं, निर्जंतुकीकरणाचे प्रकल्प आणि आरटीजी, म्हणजे किरणोत्सर्गी वीजयंत्रं, ज्यांच्याबद्दल पुढे येईलच. दुसऱ्यात वेल्डिंगचे जोड तपासणारे औद्योगिक रेडिओग्राफीचे स्रोत. असं उतरत पाचव्यापर्यंत. तोकड्या मनुष्यबळाच्या देशाने तपासणीला कुठून सुरुवात करायची, याचं उत्तर या वर्गवारीत आहे. पन्नास दवाखान्यांतली क्ष-किरण यंत्रं आणि रानात पडलेला एक आरटीजी यांच्यामागे सारखेच निरीक्षक लावले तर रानातला राहून जातो.

संध्याकाळी ज्यांना भेटलो त्यांचं नाव लिहीत नाही. तशी त्यांची अटच होती. उमेदीची वर्षं इथल्या नियामक खात्यात निरीक्षक म्हणून गेलेले, आता निवृत्त. ओळख एका परिषदेतली. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं निघालं, आणि दादाशी त्यांचं जमलं ते माझ्याशी जमण्याआधी, कारण दोघांनाही रजिस्टर या वस्तूबद्दल प्रेम.

मी त्यांना मदतीबद्दल विचारलं. बाहेरून किती आली, कशी आली, काय उपयोगी पडलं. ते म्हणाले, अपघात झाला की विमानं भरून माणसं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण अपघात संपल्यावर येणारी मदत ओळखू येत नाही. ती एका माणसाच्या रूपात येते. तो आठवडाभर खुर्चीत बसून तुमच्या कायद्याचा मसुदा वाचतो, आणि जाताना चार कलमांवर पेन्सिलने खुणा करून जातो.

हे मला पटलं, कारण या दुसऱ्या मदतीचा आराखडा मला कागदावरून माहीत होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यात आयएईएने 'मॉडेल प्रोजेक्ट' नावाची मोठी मोहीम काढली. सुरुवातीलाच पन्नासएक देश तिच्यात होते. त्यांच्याकडे किरणोत्सर्गी स्रोत होते, वापरही होता, पण सांभाळायची व्यवस्था नव्हती किंवा नावापुरती होती. मोहिमेचे पाच टप्पे ठरवले. कायदा, नियामक संस्था, स्रोतांची यादी, परवाने आणि तपासणी हे सगळं मिळून पहिला टप्पा. मग कामगारांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेवर नियंत्रण, मग रुग्णांच्या, मग सर्वसामान्य जनतेच्या, आणि शेवटी आणीबाणीची तयारी. क्रम नीट पाहिला तर त्यामागचा विचार कळतो. अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारे टीएलडी बॅज वाटणं सोपं आहे, फोटोतही छान दिसतं. पण बॅजवर जास्त मात्रा आली तर मालकाला जाब विचारायचा अधिकार कुणाकडे, हे आधी ठरलेलं नसेल तर बॅज हा छातीवरचा दागिना होतो.

यादी ठेवायला आयएईए 'राइस' नावाची संगणक प्रणाली फुकट देते. कोणता स्रोत, कुणाकडे, किती शक्तीचा, परवाना कधी संपतो, शेवटची तपासणी कधी झाली. प्रणाली फुकट मिळते, पण माहिती भरणारा माणूस ज्याचा त्यालाच नेमावा लागतो. निरीक्षकसाहेब इथे जरा तापले. त्यांच्या मते देणगी म्हणून आलेल्या मोजमाप यंत्रांचंही तेच. यंत्र आलं की समारंभ, आणि पुढच्या वर्षी त्याचं अंशशोधन (कॅलिब्रेशन) करून आणायला पैसे कुठल्या खात्यातून काढायचे यावर तीन महिने फायली फिरणार. अंशशोधन न केलेलं यंत्र आकडा दाखवतंच, फक्त त्यावर कोर्टात उभं राहता येत नाही.

दादा मान डोलावत होता. त्याच्या धरणांवरचे पाझर मोजायचे व्ही-नॉच त्याला आठवत असणार.

तिसरा दिवस : मत्सखेता

त्बिलिसीपासून जवळच. सगळे जातात ते वरच्या ज्वारी मठात आणि खाली स्वेतित्सखोवेलीच्या कॅथेड्रलमध्ये. आम्हीही गेलो. मठाच्या कठड्यावरून अराग्वी आणि म्त्कवारी या नद्यांचा संगम दिसतो, दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहतं. दादाने तिथे गाळाच्या प्रमाणावर व्याख्यान दिलं, ते गाळते.

मत्सखेताचं माझ्या यादीतलं कारण वेगळं. इथे भौतिकशास्त्र संस्थेची संशोधन अणुभट्टी होती. १९५९ मध्ये सुरू झाली, १९८८ मध्ये थांबली. पुढे देश फुटला, यादवी झाली, वीज नाही, पगार नाहीत, आणि अणुभट्टीच्या आवारात सुमारे ५ किलो उच्च समृद्ध युरेनियम पडून. शास्त्रज्ञांनीच ते राखलं. १९९८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने विमानं लावून ते उचललं आणि ब्रिटनच्या मदतीने स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथे नेलं. त्याची बातमी जगभर झाली. अशी धाडसी, एका रात्रीची मदत मिळवणं तुलनेने सोपं असतं, कारण देणाऱ्याची भीतीही त्यात असते.

सिझियमच्या बाबतीत तसं नसतं. सिझियमचा अणुबाँब होत नाही, तो फक्त स्थानिक लोकांना भाजतो. सापडलेले स्रोत कुठे ठेवायचे, हा प्रश्न जॉर्जियाला वर्षानुवर्षं सोडवावा लागला, आणि उत्तर बहुतांशी याच आवारात निघालं. देशाचं केंद्रीय साठवण मत्सखेतालाच आहे. आत जायचा प्रश्नच नव्हता, मी परवानगी मागितलीही नव्हती. रस्त्यावरून कुंपण दिसतं, तेवढ्यावर आम्ही परत फिरलो.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. आयएईएच्या गव्हर्नर मंडळाने २००३ मध्ये स्रोतांच्या सुरक्षिततेची आचारसंहिता मंजूर केली. तिला कायद्याचं बंधन नाही. देश आपणहून पत्र लिहून ती पाळायचं कबूल करतात. वापर संपलेल्या स्रोतांचं काय करायचं, त्यासाठी २०१७ मध्ये पुरवणी मार्गदर्शनही मंजूर झालं. एक मार्ग असा : खरेदी करतानाच पुरवठादाराकडून लिहून घ्या की काम संपल्यावर तो स्रोत परत नेईल. आजच्या खरेदीसाठी उत्तम. जॉर्जियाच्या स्रोतांचा पुरवठादार मात्र एक राज्य होतं आणि ते राज्यच उरलं नव्हतं.

चौथा दिवस : झुगदीदीकडे

दिवसभर गाडी. गोरी, रिकोतीची खिंड, कुतैसी, मग पश्चिमेचा सपाट, दमट प्रदेश. चालक याच भागातला, मिंग्रेलियन. रस्त्याच्या कडेला गाई आडव्या, त्यांना हॉर्नचं काही वाटत नाही.

शेतं पाहून 'गामा कोलोस' आठवलं. पेरणीआधी बियाण्यावर किरणांचा मारा करून पीक वाढवायचा सोव्हिएत प्रयोग, त्यासाठी सिझियमचे जबरदस्त स्रोत ट्रकवर बसवून गावोगाव फिरवलेले. प्रयोग संपला आणि स्रोत शेती संस्थांच्या कोठारांत राहिले. जॉर्जियात तेही शोधावे लागले. २००० मध्ये फ्रान्सच्या मदतीने हेलिकॉप्टरला मोजमाप यंत्र लावून देशाच्या काही भागांची हवाई पाहणी झाली आणि काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरात एक सिझियम स्रोत हाती लागला. २००६ मध्ये इरी नावाच्या गावात दुसरा एक निघाला, तो चक्क एका घरातल्या अवजारांच्या सामानात. नव्वदच्या मध्यापासून सगळे मिळून तीनशेच्या घरात असे बेवारस स्रोत देशभरातून गोळा झाले. महाराष्ट्राच्या चौथ्या भागाहूनही लहान देश आहे हा.

झुगदीदीला पोचलो तेव्हा अंधार झाला होता.

पाचवा दिवस : एंगुरी

ज्वारी गावातून (मठ वेगळा, गाव वेगळं) रस्ता चढू लागतो आणि एका वळणावर धरण समोर उभं राहतं. दादा बराच वेळ बोलला नाही. पुढे जे बोलला ते दोन तास चाललं. १९६१ मध्ये काम सुरू, जगातल्या सगळ्यात उंच कमानी धरणांपैकी एक, बोगद्यातून पंधराएक किलोमीटरवर वीजगृह. धरण इथे आणि वीजगृह अबखाझियात, म्हणजे १९९० च्या दशकातल्या युद्धानंतर दुसऱ्याच सत्तेच्या ताब्यात. पाणी एकाचं, चाकं दुसऱ्याची. युद्ध करणाऱ्या दोन्ही बाजूंनी वीज मात्र वाटून घेतली.

याच नदीवर वरच्या बाजूला दुसरं धरण व्हायचं होतं, खुदोनी. दोन्ही बांधकामांमध्ये बिनतारी संपर्क हवा होता. डोंगरात वीज नाही, तारा ओढणं शक्य नाही. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आठ आरटीजी आणले. आरटीजी म्हणजे स्ट्रॉन्शियम-९० च्या उष्णतेवर चालणारं वीजयंत्र. हलणारा भाग नाही, इंधन भरायचं नाही, वर्षानुवर्षं आपलं चालतं. दीपगृहांसाठी, हवामान केंद्रांसाठी सोव्हिएत संघाने अशी शेकड्यांनी बनवली. पुढे खुदोनीचं काम थांबलं, देशही थांबला, आणि बिनतारी केंद्रांची माणसं निघून गेली. यंत्रांची जाड आवरणं म्हणजे चांगला धातू. कुणीतरी ती काढून नेली आणि आतले स्रोत रानातच टाकले.

२ डिसेंबर २००१. लिया गावचे तिघे जण सरपण आणायला जलाशयाच्या वरच्या जंगलात गेले. जमिनीवर बर्फ. एका जागी मात्र मीटरभर गोलात बर्फ वितळलेला, माती ओली आणि वाफ निघतेय. मध्ये दोन लहान जड डबे. एकाने उचलून पाहिला, इतका गरम की टाकून दिला. रात्र काढायची होती, लाकूड ओलं, थंडी मरणाची. त्यांनी ते डबे जवळ ओढले आणि शेकोटीसारखे वापरले. काही तासांत उलट्या सुरू झाल्या.

एका डब्यात सुमारे १,३०० टेराबेकेरेल स्ट्रॉन्शियम होतं, म्हणजे जुन्या एककात ३५,००० क्युरी. हा आकडा वर्गात सांगितला की माझे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : स्ट्रॉन्शियम तर बीटा कण, म्हणजे वेगातले इलेक्ट्रॉन, सोडतं, ते धातूच्या डब्यातच अडकायला हवेत. बरोबर आहे, अडकतातच. पण वेगातले इलेक्ट्रॉन धातूत अडखळले की त्यांची थोडी ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. ब्रेम्सस्ट्रालुंग म्हणतात ते. एरवी आपण ते दुर्लक्षितो. ३५,००० क्युरीला दुर्लक्षित करता येत नाही. बाकीच्या ऊर्जेची ऊब होते, अडीचशे वॅटच्या आसपास, एखाद्या लहान हीटरएवढी.

दोघांच्या पाठी वाईट भाजल्या, कारण झोपताना त्यांनी उबेकडे पाठ केली होती. एकावर पॅरिसजवळच्या लष्करी रुग्णालयात वर्षाहून जास्त काळ उपचार झाले आणि तो घरी परतला. दुसऱ्याला मॉस्कोत नेलं. तो मे २००४ मध्ये गेला. जखमा भरायलाच तयार नव्हत्या.

जलाशयाकडेने जाताना चालकाने विचारलं, लियाला थांबायचं का, तो ओळखीचं घर काढून देईल. दादाने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. मला जे हवं ते आयएईएच्या २०१४ च्या अहवालात जखमांच्या छायाचित्रांसकट आहे. त्या घरांत जाऊन पुन्हा तेच विचारायचं काही कारण मला सुचेना.

बाहेरची मदत इथे कशी आली ते त्या अहवालात दिसतं. जॉर्जियाने १९८६ च्या मदत करारानुसार आयएईएला कळवलं. चेर्नोबिलनंतर झालेला हा करार. अपघात झाल्यास देश मदत मागू शकतात आणि संस्था डॉक्टर, तज्ज्ञ, रुग्णालयं जुळवून देते. पण डबे उचलायचे होते जॉर्जियातल्याच लोकांनी. भर हिवाळा, बंद रस्ते, पहिल्या फेरीत तर फक्त पाहणी करून परतावं लागलं. फेब्रुवारी २००२ च्या सुरुवातीला शिशाचं अस्तर लावलेलं जड पिंप ट्रकवर चढवून ते लोक पोचले. लांब दांड्यांचे चिमटे तयार होते. प्रत्येकाला स्रोताजवळ ४० सेकंदांच्या आसपासच मुभा : धावत जायचं, आपल्या वाट्याचं एक काम करायचं, मागे यायचं, पुढचा तयार. याचं चित्रण झालंय आणि ते प्रशिक्षणात दाखवतात. मी ते अनेकदा पाहिलंय. दरवेळी माझी नजर त्या माणसापाशी थांबते जो काहीच उचलत नाही, फक्त घड्याळ धरून उभा आहे.

आणि हे सगळं कायदा आल्यानंतर घडलं. कायदा होता, खातं होतं, निरीक्षक होते. परवाना देणाऱ्या खात्याला अर्ज करणारा माहीत असतो. रानातल्या डब्याने अर्ज केलेला नव्हता. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचा वापरात नसलेला गामा सेल, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्टचं यंत्र, भंगारात गेला आणि एक जण दगावला. तिथे तर नियामक मंडळ १९८३ पासून होतं. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातलं किरणोपचार यंत्र असंच बाहेर आलं, चार मृत्यू, आणि स्टेडियममध्ये लाखाहून जास्त लोकांची तपासणी. तिन्ही ठिकाणी स्रोत वापरातून गेला तेव्हाच कुणाच्या तरी वहीतून निसटला होता. म्हणून नव्याने उभ्या राहणाऱ्या देशाला मदत करायची तर पहिला पैसा जुन्या जागा धुंडाळण्यावर लावावा, मग नव्या परवान्यांवर, असं माझं मत आहे. आदर्श कायद्याच्या नमुन्यात ही जागा फारच थोडी असते.

सहावा दिवस : खाइशी आणि परत

वर खुदोनीच्या जागी अर्धवट काँक्रीट आणि गंजलेल्या सळया दिसतात. दादा गाडीतून उतरला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

जून २००२ मध्ये याच डोंगरांत मोठी शोधमोहीम निघाली. सुमारे ८० माणसं, बहुतेक जॉर्जियन, सोबत आयएईए, अमेरिका, फ्रान्स, तुर्कस्तान आणि भारताचे तज्ज्ञ. पायी, गाडीने आणि चक्क घोड्यांवरून, दोनेक आठवडे, ५५० चौरस किलोमीटरचा मुलूख. शोधत होते ते आठांपैकी उरलेले दोन स्ट्रॉन्शियम स्रोत. सहा तोवर मिळाले होते. ते दोन त्या मोहिमेत सापडले नाहीत.

दादाने इथे एक मुद्दा काढला जो मला कुठल्या अहवालात दिसलेला नाही. धरणाच्या कामावर प्रत्येक यंत्राची नोंद भांडार रजिस्टरमध्ये असते. बिनतारी केंद्राची यंत्रं आली असतील तर दळणवळण विभागाच्या पानावर असणार, किरणोत्सर्गाच्या नव्हे. म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांनी आपले कागद चाळून भागायचं नाही, धरणवाल्यांच्या जुन्या भांडारपालाला शोधायला हवं. जुन्या कागदपत्रांत आणि जुन्या माणसांत शोध घेणं ही रीतसर पद्धतच आहे, पण भांडारपाल हे पद ज्याने आयुष्यभर पाहिलंय त्यालाच ते चटकन सुचलं.

सातवा दिवस : पुन्हा त्बिलिसी

निरीक्षकसाहेबांना जेवायला बोलावलं होतं. विषय निघाला स्वायत्ततेचा. लहान देशात किरणोत्सर्ग समजणारी माणसं मूठभर, आणि तीच संस्थेत स्रोत वापरतात, तीच खात्याला सल्ला देतात, कधी कधी तीच तपासायला जातात. आयएईएचे सुरक्षा निकष सांगतात की नियामक निर्णयात खराखुरा स्वतंत्र हवा, ज्यांना परवाना द्यायचा त्यांच्या आणि त्यांच्या मंत्रालयाच्या दबावाबाहेर. जॉर्जियात बरीच वर्षं हे काम पर्यावरण मंत्रालयातला एक विभाग करत होता. वेगळी अणु आणि किरणोत्सर्ग सुरक्षा एजन्सी झाली २०१६ मध्ये. कायद्यानंतर अठरा वर्षांनी. मला हे उशिराचं वाटलं, त्यांना नाही. त्यांचं म्हणणं, आधी एजन्सी काढली असती तर तिच्यात पाटी आणि संचालक एवढंच असतं.

२०१८ मध्ये जॉर्जियाने आयआरआरएस, म्हणजे देशाची नियामक व्यवस्था तपासणारं आयएईएचं पथक, बोलावलं. हे पथक आपणहून येत नाही, देशाने निमंत्रण द्यावं लागतं. आधी देश आयएईएच्या निकषांवर स्वतःचीच उलटतपासणी करून कागद पाठवतो. मग इतर देशांच्या नियामक संस्थांमधली माणसं येतात, फायली वाचतात, निरीक्षकांबरोबर प्रत्यक्ष तपासणीला जातात, आणि लेखी शिफारशी देऊन जातात. काही वर्षांनी पुन्हा येऊन विचारतात, त्यांचं काय केलंत. मला या सगळ्या मदतीत हा प्रकार सगळ्यात आवडतो. यात कुणी यंत्र देत नाही, पैसे देत नाही. आणि शिफारस बाहेरून लेखी आली की आतल्या अधिकाऱ्याला ती मंत्र्यांच्या टेबलावर ठेवता येते. स्वतः तेच दहा वर्षं सांगत असला तरी.

"आधीपासून जे सांगतोय तेच पाहुण्याने सांगितलं की ऐकतात," दादा म्हणाला. निरीक्षकसाहेबांना मी त्याचं भाषांतर करून सांगितलं आणि ते मोठ्याने हसले.

मग त्यांना उरलेल्या दोन स्रोतांबद्दल विचारलं. शोधपथकं परत गेली तरी हरवलेल्या स्रोताची नोंद बंद करायची नसते, ते म्हणाले; ठिकाणाचा रकाना रिकामा ठेवायचा आणि पुढच्या माणसाच्या हाती द्यायची. स्ट्रॉन्शियम-९० चं अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं. म्हणजे २००१ मध्ये ते जितके प्रखर होते त्याच्या निम्म्यावर येतील २०३० च्या सुमारास, आणि तेव्हाही बर्फ वितळवण्याइतकी उष्णता त्यांच्यात असेल.